आतून करपणारी माणसे आणि विश्रांतीचा हक्क

आपल्या घरांत ताप आला की माणूस सांगतो. पाय मुरगळला की सांगतो. "मी थकलोय, आता माझ्याच्यानं होत नाही," हे मात्र सांगत नाही. सांगितलेच तर समोरून उत्तर येते, "त्यात काय थकायचं? सावलीत बसून तर काम आहे." परभणीसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि आपली बरीच वस्ती अजूनही उन्हातच कमावते. तिथे सावलीतल्या नोकरीने माणूस थकतो, हे कुणाला पटत नाही. म्हणून तो थकवा लपून राहतो.

या लपलेल्या थकव्याविषयी आम्ही या वेळी लिहीत आहोत. आमचे म्हणणे साधे आहे. हा थकवा म्हणजे आळस नव्हे आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हे. काम ज्या पद्धतीने अंगावर टाकले जाते त्यातून तो येतो. म्हणून त्यावरचा उपाय एकट्या माणसाच्या गळ्यात टाकून चालणार नाही. घराने, कामाच्या जागेने आणि आपल्या विहारानेही त्यात हात घातला पाहिजे.

करपणे म्हणजे काय?

याला डॉक्टर लोक 'बर्नआऊट' म्हणतात. आपण करपणे म्हणू. तव्यावरची भाकरी वरून पांढरीशुभ्र दिसते, उलटल्यावर कळते की खालून करपली. माणसाचेही तसेच होते. तो रोज वेळेवर कामावर जातो, हसून बोलतो, पगार घरी आणतो. आतून मात्र करपत असतो.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेवर लिहिले. त्यांनी ती कुठे पाहिली, हे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. गरिबांसाठी चालणाऱ्या मोफत दवाखान्यात जे लोक सेवाभावाने राबत होते, त्यांच्यात त्यांना ती दिसली. म्हणजे ज्यांना कामाची आच आहे, जे 'नाही' म्हणत नाहीत, तेच आधी करपतात. कामचुकार माणूस सहसा करपत नाही. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआऊटची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेला आणि नीट न हाताळलेला ताण यातून निर्माण होणारी स्थिती, अशी ती नोंद आहे. दोष माणसाच्या मेंदूत शोधण्याआधी त्याच्या कामात शोधा, असा त्याचा सरळ अर्थ आम्ही घेतो.

या वर्गीकरणात तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, अंगातली शक्ती संपून जाणे. दुसरी, कामापासून मन तुटणे आणि त्याबद्दल कडवटपणा येणे. तिसरी, आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. आपल्या बोलीत त्या अशा ऐकू येतात: "सकाळी उठतानाच जिवावर येतं." "मरू दे, कोण मेलं-जगलं आपल्याला काय?" "एवढं करून उपयोग काय?"

साधा थकवा आणि करपणे यांतला फरक ओळखायला एक सोपी पारख आहे. साधा थकवा दोन रात्रींच्या झोपेने, एखाद्या रविवारने, गावच्या लग्नात चार माणसे भेटल्याने उतरतो. करपलेल्या माणसाचा रविवारही सोमवारच्या काळजीत जातो. सुट्टी मिळाली तरी तिचा आनंद होत नाही. झोप येत नाही, किंवा कितीही झोपले तरी पुरत नाही. लेकरांवर विनाकारण ओरडणे, जेवणात मन नसणे, डोके आणि पाठ सतत दुखणे, पित्त उसळणे, साध्या हिशोबात चुका होणे, नातेवाइकांचा फोन न उचलणे ही सगळी त्याचीच पिल्ले असू शकतात. पुरुषांमध्ये हे पुष्कळदा दारूच्या आणि गुटख्याच्या वाढत्या प्रमाणातून दिसते. घरचे म्हणतात, "नोकरी लागली आणि बिघडला." बिघडण्याआधी तो थकला होता का, हे कुणी विचारत नाही.

दारोदार फिरणारी आशा

आपल्या गावात या अवस्थेच्या सर्वांत जवळ कोण असेल, असा विचार केला तर आम्हांला आशाताई दिसते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली गेली. जिंतूर, पालम, गंगाखेड तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर आरोग्य खात्याचा चेहरा म्हणजे तीच. गरोदर मातेची नोंद, बाळंतपणाला सोबत, लसीकरणासाठी लेकरे गोळा करणे, क्षयरोग्याच्या गोळ्या, पाणी शुद्धीकरण, सर्वेक्षण अशी तिची कामे संपत नाहीत. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की बेचाळीस दिवसांत सहा वेळा तिच्या घरी जायचे, बाळाचे वजन आणि ताप पाहायचा. या जोडीला आता मोबाइलवरची माहिती भरणे आहे. गावात रेंज नसते, ॲप अडकते, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहाला निरोप येतो की उद्या सकाळपर्यंत यादी पाठवा.

एवढे करून सरकारी कागदावर ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला मिळते ते वेतन नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला. कर्मचाऱ्याला जी साप्ताहिक सुट्टी आणि रजा आपोआप मिळते ती तिला तशी मिळत नाही. २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तीच दारोदार फिरली. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. पुरस्कार मिळाला तरी मागण्या शिल्लक होत्या, म्हणून ऑक्टोबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना पुन्हा संप करावा लागला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या मासिक मानधनात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. ती संघटनेच्या बळावर मिळाली, कुणाच्या दयेवर नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. शेतकरी आत्महत्या थांबवण्यासाठी २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. त्यात गावोगाव फिरून खचलेली माणसे शोधण्याचे काम आशांकडे आले. झोप लागते का, जेवण जाते का, जिवाला कंटाळा आला आहे का, असे ती दुसऱ्यांना विचारत फिरली. तिला हे कोण विचारते? घरी परतल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते: चूल, भांडी, लेकरांचा अभ्यास, सासूची औषधे. बाळंतपणाच्या रात्री ती दवाखान्यात जागली तर सकाळी घरात चहा कोण करतो, यावरून आपल्या घरातली समता मोजावी, असे आम्हांला वाटते.

आणि बाकीचे

आशा हे एक उदाहरण. एसटीच्या मुक्कामी गाडीचा चालक आणि वाहक पाहा. रात्री खेड्यात गाडी उभी, झोप डासांत, पहाटे पुन्हा स्टेअरिंग. पूर्णा जंक्शनच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या आणि रात्रपाळ्या करणाऱ्या आपल्या भावांना विचारा, घड्याळ कसे उलटेपालटे होते ते. कंत्राटी सफाई कामगाराला काम दररोज असते, पण उद्याची खात्री नसते. बारा महिने डोक्यावर टांगती तलवार, हाही थकव्याचाच एक प्रकार आहे.

गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातून कोयता घेऊन कारखान्याला जाणाऱ्या जोडप्यांची गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त जास्त उघडी आहे. मुकादमाची उचल घेतलेली असते, एक दिवस आजारी पडले तरी खाडा धरला जातो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीचा त्रास म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, हे गणित त्यामागच्या कारणांत होते. विश्रांती मिळत नाही तेव्हा माणूस स्वतःच्या शरीराचा भागसुद्धा अडथळा समजू लागतो, याहून मोठा पुरावा कोणता द्यावा?

दुसऱ्या टोकाला आपली शिकलेली मुले आहेत. परभणी, सेलू, मानवतची मुले-मुली पुण्याला आयटीत, बँकेत, हिशोबनिसांच्या मोठ्या कंपन्यांत लागली. जुलै २०२४ मध्ये पुण्यात अशाच एका नामांकित कंपनीत काम करणारी २६ वर्षांची तरुणी नोकरी लागल्यावर चार महिन्यांत गेली. तिच्या आईने कंपनीला पत्र लिहून कामाच्या ओझ्याकडे बोट दाखवले. कंपनीने ते मान्य केले नाही. त्या मृत्यूचे वैद्यकीय कारण ठरवणे आमचे काम नाही. पण त्या पत्रानंतर देशभरातल्या तरुणांना आपलीच कहाणी कुणीतरी सांगितल्यासारखे का वाटले, हे प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. तेव्हा हा विषय नुसत्या मूडचा नाही.

दुप्पट सिद्ध करण्याचे ओझे

आपल्या समाजातील नोकरदाराच्या पाठीवर एक जादा गोणी असते. तिचे वजन कुठल्या कागदावर येत नाही. तो घरातला पहिला पगारदार असतो. त्याच्या पगारावर आई-वडिलांचे औषध, धाकट्याची फी, बहिणीचे लग्न, घराचा हप्ता एवढे सगळे उभे असते. तो पडला तर सगळे पडेल, म्हणून तो पडत नाही. त्यात कार्यालयात कुणी ना कुणी कोट्याचा टोमणा मारलेला असतो. त्याला उत्तर म्हणून तो दुप्पट काम करतो. रजा शिल्लक असून घेत नाही, कारण "यांना फुकट मिळालं म्हणून किंमत नाही," हे ऐकायचे नसते. साहेब इतरांची कामेही त्याच्याच टेबलावर ठेवतो, आणि तो 'नाही' म्हणू शकत नाही.

जातीचा हा ताण कुठल्याही प्रश्नावलीत सुटा दिसत नाही. तो थकव्याच्या आतच मिसळलेला असतो. अशा माणसाला "योगासने कर, सकारात्मक विचार कर," एवढाच सल्ला देणे म्हणजे गोणी तशीच ठेवून पाठीला तेल लावणे. तेलाने थोडा आराम पडतो, हे खरे. पण गोणी उतरवण्याची गोष्ट कुणीतरी काढली पाहिजे.

"बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे"

या विषयावर बोलू लागलो की आपल्यातलेच कुणी म्हणते, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे आणि तुम्ही आठ तासांत थकता?" जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपण करतो, तो चांगला आहे. ते अभिवादन आहे. पण एका दिवसाचे अभिवादन म्हणजे बारा महिन्यांचे वेळापत्रक नव्हे.

बाबासाहेबांनी ते कष्ट उपसले, कारण कोट्यवधींचे काम एका माणसाच्या अंगावर आले होते. त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. मधुमेह, पायांच्या वेदना, अधू होत गेलेली दृष्टी यांनी त्यांना शेवटची वर्षे छळले आणि वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते गेले. मुलांनी आपल्यासारखे झिजावे असे त्यांना वाटत असते, तर त्यांनी कामगारांच्या तासांसाठी एवढी धडपड केली नसती. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९३४ च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ तासांवर आली. संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती व प्रसूती साहाय्य यांचा उल्लेख आहे. ४३ व्या अनुच्छेदात निर्वाह वेतनाबरोबर फुरसतीचाही उल्लेख आहे. फुरसत! देशाच्या संविधानाने राज्याच्या धोरणात फुरसतीला जागा दिली, आणि आपण ती घ्यायला लाजतो.

गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी यंत्रांची बाजू घेतली, तीही याच कारणाने. पोटासाठी सारा दिवस राबणाऱ्या माणसाला संस्कृतीसाठी वेळ उरत नाही, यंत्राने ती फुरसत मिळवून द्यावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतः ते उतारवयात व्हायोलिन शिकले, त्यांना बागेची आणि कुत्र्यांची आवड होती. अठरा तासांची गोष्ट सांगताना व्हायोलिनचीही सांगावी.

आज मात्र घड्याळाचे काटे उलटे फिरू पाहत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील आणि जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सांगितले गेले. ज्यांच्या हातात संघटना नाही, त्या कंत्राटी कामगाराला हा हिशोब कोण मागू देणार, हा आमचा प्रश्न आहे.

"बहात्तरच्या दुष्काळात कोण थकलं?"

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा असतो. "आम्ही बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. आम्हांला नाही झालं असलं काही." त्यांच्या कष्टांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्यांना काही झाले नाही, हे खरे नाही. चाळिशीत म्हातारी झालेली माणसे, कायम कमरेला फडके बांधलेल्या बाया, संध्याकाळी गुत्त्यावर बसणारे बाप हे सगळे त्याच पिढीत होते. त्यांच्या थकव्याला नाव नव्हते, एवढेच. शिवाय खडी फोडणाऱ्याचा हातोडा सूर्य मावळला की खाली राहायचा. आजच्या कामाचा हातोडा खिशात असतो आणि तो रात्री अकराला वाजतो. दोन्ही कष्ट कष्टच आहेत. एकाने दुसऱ्याला हिणवून काही साधत नाही.

तथागतांची शिकवणही राबून मरा अशी नाही. चंपा नगरीच्या श्रीमंत घरातला सोण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याच्या तळपायांतून रक्त आले. एवढे करूनही हाती काही लागले नाही, म्हणून तो संघ सोडायच्या विचारात होता. भगवंतांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, सैल सोडल्या तरी लागत नाही. सोणाने आपल्या प्रयत्नांचे माप बदलले, प्रयत्न सोडला नाही. आणि पावा नगरीत मल्लांच्या नव्या सभागृहात, उतारवयातल्या भगवंतांची पाठ दुखू लागली, तेव्हा त्यांनी सारिपुत्तांना पुढची देसना करायला सांगितले आणि स्वतः आडवे झाले. पाठ दुखते, हे भर संघात सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

काय करावे?

आधी शरीर तपासून घ्या. थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा क्षयरोग असू शकतो. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, थायरॉइडसाठी रक्त पुढे पाठवावे लागू शकते. कमजोरी आली की सलाइनची बाटली लावून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. तोंडाने खाता-पिता येत असेल तर त्या बाटलीतल्या मीठ-साखरेच्या पाण्याने थकवा जात नाही, पैसे जातात. स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका.

दुसरे, नैराश्य वेगळे ओळखा. करपलेल्या माणसाला कामापासून दूर गेल्यावर हळूहळू बरे वाटते. नैराश्यात कशातच मन लागत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटत असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर उशीर करू नका. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसोपचार मिळणे हा आपला हक्क आहे. तिथे जाणारा वेडा नसतो. जो बोलतो, त्याला लोक नावे ठेवतील ही भीती आपणच संपवायची आहे.

तिसरे, कामाची वही ठेवा. दोन आठवडे रोज लिहा: किती वाजता काम सुरू, किती वाजता संपले, घरी आल्यावर कामाचे किती फोन आले, नेमलेल्या कामाशिवाय काय काय सांगितले गेले. यातून दोन फायदे होतात. आपली शक्ती नेमकी कुठे गळते ते दिसते, आणि साहेबापुढे बोलताना हातात कागद असतो. "मला जमत नाही" म्हणण्यापेक्षा "ही चार कामे आहेत, आज यातली कोणती दोन आधी करू?" असे विचारणे सोपे जाते. एकट्याने बोलण्याची भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून, संघटनेमार्फत बोला. आशांची वाढ अशीच मिळाली.

चौथे, रजा घ्या. हक्काची रजा मोडून न घेणे ही निष्ठा नव्हे. झोपेची वेळ ठरवा, झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवसातून अर्धा तास चाला. आनापान येत असेल तर करा, पण ध्यानाला कामाचे ओझे वाहण्याचे टॉनिक समजू नका.

पाचवे, घराने काम वाटून घ्यावे. कमावती बाई असो वा नसो, स्वयंपाक आणि लेकरे ही एकटीची जबाबदारी नव्हे. आणि पुण्याच्या मुलाला फोन केल्यावर "पगार वाढला का?" याआधी "झोप होते का?" हे विचारा. "नाही झेपलं तर घरी ये, आपण बघू," हे वाक्य आईबापाकडून एकदा जरी ऐकले तरी मुलाला मोठा आधार होतो. नोकरी गेली तर दुसरी मिळवता येते.

विहाराने काय करावे?

आपल्या चळवळीलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, वर्षावास, वर्गणी, मिरवणूक, भोजनदान या सगळ्याचे काम वस्तीतल्या त्याच चार-पाच जणांवर का पडते? ते नोकरी करून रात्री मीटिंग घेतात, स्वतःच्या खिशातून गाडीत पेट्रोल घालतात आणि वरून हिशोबासाठी बोलणी खातात. एक दिवस ते गप्प होतात, येणे बंद करतात. आपण म्हणतो, "पैसा आला, चळवळ विसरला." तो विसरलेला नसतो, करपलेला असतो. त्याला दोष देण्याआधी कामाची पाळी लावा.

म्हणून प्रत्येक विहाराने पौर्णिमेच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत, असे आम्ही सुचवतो. व्याख्यान नको. गोल बसून प्रत्येकाने एवढेच सांगावे की या महिन्यात काय जड गेले. ऐकणाऱ्याने सल्ला देऊ नये, हसू नये, आणि ऐकलेले बाहेर नेऊ नये. महिला मंडळाने गावातल्या आशाताईसाठी दोघींची पाळी लावावी, म्हणजे रात्रीच्या बाळंतपणाला ती एकटी जाणार नाही आणि तिच्या लेकरांना जेवण मिळेल. समाजातले निवृत्त कर्मचारी आहेत, त्यांनी तरुण कंत्राटी कामगारांना रजा, भविष्य निर्वाह निधी आणि जादा कामाच्या मोबदल्याचे नियम समजावून सांगावेत. वर्षातून दोनदा विहारात रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासणी ठेवावी. ती करायला येणाऱ्या परिचारिकेला आधी बसायला खुर्ची आणि चहा द्यावा, तिलाही विचारावे, "ताई, तुम्ही कशा आहात?"

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. थकलेल्या माणसाला आळशी न म्हणण्याची तयारी मात्र लागते. येत्या पौर्णिमेला ज्या गावात हा प्रश्न विचारला जाईल, तिथे पहिल्या वेळी बहुधा कुणीच बोलणार नाही. दुसऱ्या पौर्णिमेला पुन्हा विचारा. एक जण बोलला की बाकीचे बोलतात.

जय भीम.